भरलेलं कपाट

बेबीनंदा देवकते मंठ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आली, तेव्हा गावातलं पहिलं काही तिला कळलं असेल तर तो वच्छलामावशींचा नेम. मावशी प्रयोगशाळेत झाडलोट करायच्या, काचेची भांडी धुवायच्या, आणि बेबीनंदाची भाड्याची खोली त्यांच्याच भिंतीला भिंत लागून होती. दिवेलागणीच्या आत घरातलं एकही भांडं कोरडं ठेवायचं नाही, असा तो नेम. घागर, कळशी, तांब्या, अगदी नातवंडांच्या खेळातली बुडकुलीसुद्धा. भरायला जमलंच नाही तर निदान तळाशी घोटभर. आणि पाहुणा येणार असला तर काठोकाठ.

"बहात्तरच्या दुष्काळात एक म्हातारा दारात आल्ता, माय," मावशींनी तिला एकदा सांगितलं होतं. "पाणी मागितलं त्यानं. घरात थेंब न्हवता. न्हाई म्हणले मी. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यो उंबऱ्याला हात लावून पाया पडला अन् गेला. तवापासून धरलंय हे. देवाला फुलं वाहायची चुकतील एकांद्या दिवशी, पण भांडं न्हाई चुकत."

बेबीनंदाला हे ऐकून भरून आलं होतं. तिचा स्वतःचाही एक लहानसा नेम होता, पण तो ती कुणाला सांगत नसे. वर्गात शिरल्यावर खडू उचलण्याआधी ती फळ्याला दोन बोटं टेकवून ती कपाळाला लावायची. मेंढरांमागं हिंडणाऱ्या धुळाजी देवकत्याची लेक फळ्याजवळ उभी राहते, ती कुणाच्या तरी कृपेनंच, असं तिला मनापासून वाटे. पोरं सुरुवातीला हसायची. मग हसायची थांबली.

त्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार होती. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र चालू ठेवायचं की नाही, ते समिती ठरवणार होती. मान्यता गेली म्हणजे विभाग गेला, आणि विभागाबरोबर बेबीनंदाची नोकरी. ती अजून तात्पुरतीच होती. पण ती जास्त झुरत होती ती मुलींपायी. मुलं एसटीचा पास काढून जालन्याला गेली असती. मुलींना कोण पाठवणार होतं? दुसऱ्या वर्षाला सत्यशीला नावाची एक मुलगी होती, तळणीकडच्या एका खेड्यातली, पहिल्या बाकावर बसणारी. तिच्या वडिलांनी, कारभारी पाटलांनी, कॉलेजात येऊनच सांगितलं होतं, "मॅडम, मंठ्यात हाय तवर शिकू द्या. मंठ्याच्या पल्याड मी लेक धाडणार न्हाई. तुम्ही हाव म्हणून हितवर तरी."

समितीला चालू तास बघायचा होता. विषय बेबीनंदानंच निवडला होता: द्रावक बदलला की द्रावणातला रासायनिक समतोल कसा सरकतो. हा तिचा लाडका धडा. पुस्तकात तो रुक्ष, पण तिच्या हातात तो रंगांचा होऊन यायचा. कोबाल्ट क्लोराइड पाण्यात घातलं की गुलाबी. तेच स्पिरिटात घातलं की निळं. निळ्यात पाणी ओतलं की डोळ्यांदेखत पुन्हा गुलाबी. धातू तोच, क्लोराइड तेच, बदलला तो फक्त त्यांना पोटात घेणारा द्रावक.

आदल्या दिवशी तिनं सगळं करून पाहिलं. निळा रंग असा उतरला, की आपल्या आईच्या इरकली लुगड्याची तिला आठवण झाली. स्पिरिटची बाटली निम्म्याला आली होती. स्पिरिट परवान्यावर मिळायचं. दारूबंदी खात्याचा माणूस येऊन माप बघून जायचा, म्हणून ते जपून वापरावं लागे. तासाला पुरेल एवढं आहे, असं पाहून तिनं बाटली कपाटात ठेवली. तेवढ्यात प्राचार्य घारे सर घाईघाईनं येऊन गेले.

"कपाटं अशी रिकामी रिकामी काय दिसून राह्यलीत? उद्या पाहुणे येऊन राह्यले. वच्छलाबाई, सगळं भरलेलं दिसलं पाहिजे, बिलकुल भरलेलं!"

"व्हय सर," मावशी म्हणाल्या. "पाव्हणे येऊन राह्यले म्हणल्यावर भरावंच लागतंय."

बेबीनंदा त्या वेळी फळ्यावर आकृती काढत होती. हे बोलणं तिनं ऐकलं, आणि त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

सकाळी प्रयोगशाळा अशी लख्ख होती, जणू घट बसवायचे आहेत. उंबऱ्यावर रांगोळी. कपाटाच्या काचा पुसलेल्या, आणि आत बाटल्यांच्या रांगा, सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. स्पिरिटची बाटलीसुद्धा. बेबीनंदानं पाहिलं आणि तिच्या मनात आलं, घारे सरांनी कुठून तरी नवीन माल आणवलेला दिसतो. एवढी धावपळ करतात बिचारे. बूच काढून वास घ्यावा, थेंबभर करून पाहावं, एवढं तिला सुचलं नाही. काल तर सगळं जमलं होतं.

समितीत तिघं होते. दोघांनी मागच्या बाकावर बसून लगेच घड्याळं पाहिली. तिसरे, डॉ. पेडगावकर, अध्यक्ष. ते स्वतः रसायनशास्त्राचे. पांढरे केस, हळू आवाज. ते मुलांच्या मधेच येऊन बसले, संपतच्या शेजारी. संपत वर्गातला बोलघेवडा. त्याचं तोंड आपोआप मिटलं.

बेबीनंदानं फळ्याला बोटं टेकवून कपाळाला लावली. अध्यक्षांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ झालं, असं तिला वाटलं. तिचा आवाज सुटला.

"समतोल म्हणजे सगळं थांबलं असं नाही," ती म्हणाली. "आपला बाजार डोळ्यांपुढं आणा. भर दुपारी जेवढी माणसं आत शिरतात तेवढीच बाहेर पडतात. आतली गर्दी तेवढीच दिसते, पण माणसं तीच नसतात. आता हा कोबाल्ट. हा समजा सासरी दिलेली लेक. पाण्यात असला की पाण्याचे सहा रेणू त्याला माहेरच्या गोतावळ्यासारखे घेरून बसतात. क्लोराइडला जवळ येऊ देत नाहीत. तेव्हा रंग गुलाबी. स्पिरिटाला त्याची एवढी ओढ नसते. गोतावळा पांगतो, क्लोराइड चारी बाजूंनी येऊन बसतात, आणि रंग पालटतो."

"मॅडम, मंग स्पिरिट म्हणजे सासर का?" एका पोरीनं विचारलं.

संपतला राहवलं नाही. "स्पिरिटात पडल्यावर आमच्या चुलत्याचा बी रंग पालटतो, मॅडम!"

वर्ग हसला. अध्यक्षही हसले. "आणि पाणी घातल्यावर?" त्यांनी संपतला विचारलं.

"पाण्यानं काय होतंय सर! चुलती यावं लागती."

पुन्हा हसू. तास असा चालला होता, की बेबीनंदाला वाटलं, देव पावला. टेबलावर तिची मांडणी होती: गुलाबी द्रावणाची नळी, कोबाल्टची पूड घातलेली कोरडी नळी, आम्लाचे थेंब टाकायचा ड्रॉपर, स्पिरिटची बाटली. आणि एका बाजूला कडकडीत पाण्याचं बीकर. तासाच्या शेवटी उष्णतेनंही समतोल सरकतो, गुलाबी रंग तापवला तर निळ्याकडे जातो, एवढं ती दाखवणार होती.

तिनं पुडीवर आम्लाचे थेंब टाकले, वरून स्पिरिट ओतलं, नळी हलवली आणि वर्गापुढं धरली.

गुलाबी.

तिनं पुन्हा हलवली. आणखी स्पिरिट ओतलं. गुलाबी आणखी फिकट झालं, एवढंच. मग तिनं बाटली नाकाजवळ नेली. स्पिरिटचा वास जसा डोक्यात चढतो तसा चढला नाही. दूरच्या खोलीत कुणी स्पिरिटचा बोळा फिरवावा, तेवढाच आला.

तिनं वर पाहिलं. दारात वच्छलामावशी उभ्या होत्या, धुवट पांढऱ्या लुगड्यात, हात जोडून. त्या नळीकडे बघत नव्हत्या. भरलेल्या कपाटाकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की नैवेद्य दाखवून झाला आणि आता पंगत बसायची आहे.

बेबीनंदाला सगळं एका क्षणात कळलं.

आता काय म्हणायचं? स्पिरिटमध्ये पाणी आहे असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न कोणी घातलं हाच. परवान्याचा माल. निम्मं स्पिरिट कुठं गेलं? प्यालं की विकलं? तिथं मावशींच्या नेमाची गोष्ट कोण ऐकून घेणार होतं? मागच्या बाकावरच्या दोघांतला एक आतापासूनच मान उंचावून बघू लागला होता. आणि घारे सर खिडकीशी उभे राहून डोळ्यांनीच सांगत होते, काहीतरी करा.

कडकडीत पाण्याचं बीकर तिच्या हाताशीच होतं.

ती किंचित वळली. तिच्या अंगानं टेबल आड झालं. "थोडं हलवावं लागतं," असं म्हणत तिनं नळी पाण्यात सोडली. तळाशी जांभळी झाक आली, ती वर चढली. नळी बाहेर निघाली तेव्हा निळी होती. आईच्या लुगड्याइतकी गर्द नाही, पण निळी.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. घारे सरांनी कपाळ पुसलं.

पहिल्या बाकावरून सत्यशीलानं हात वर केला. "मॅडम, हातात घेऊन बघू?"

नाही कसं म्हणणार? नळी तिच्या हातात गेली. तिनं ती उजेडाकडे धरली, बोटांत फिरवली, आणि परत दिली.

"मॅडम, हे निळं स्पिरिटनं झालं का गरम पाण्यानं?"

प्रश्न साधा होता. त्यात खोच नव्हती, टोमणा नव्हता. जे शिकवलं ते नीट समजलेल्या मुलीनं विचारावा असाच तो होता. बेबीनंदानं आजवर शिकवलेल्या सगळ्या वर्षांत याहून चांगला प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"स्पिरिटनं," ती म्हणाली.

"बराबर," सत्यशीला म्हणाली, आणि खाली मान घालून तिनं तसं लिहून घेतलं.

तास संपला. बेबीनंदानं नळी स्टँडमध्ये ठेवली. ओतून टाकावी असं मनात आलं, पण घारे सरांनी तिथंच चहा मांडायला सांगितला, खुर्च्या आल्या, समितीची माणसं टेबलाभोवती बसली. वच्छलामावशी ट्रे घेऊन फिरू लागल्या. घारे सर बोलत होते: इमारत, वाचनालय, गावाची गरज, मुलींची संख्या. बेबीनंदाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिचे डोळे स्टँडवर होते. निळा रंग वरून विरायला लागला होता. काचेपाशी आधी जांभळं, मग लालसर. तिनं मनातल्या मनात कुलदेवाचं नाव घेतलं. पण कोबाल्टनं कधी कुणाचं नाव ऐकलंय? चहाचे कप रिकामे व्हायच्या आत नळी अशी गुलाबी झाली होती, की कुणी लग्नघरातून आणून ठेवावी.

डॉ. पेडगावकरांनी कप खाली ठेवला. नळी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून पाहिली.

"मॅडम, ही मघाचीच ना?"

"हो सर."

"गार झाली."

"हो."

बाकीचे दोघं घारे सरांशी बोलत होते. अध्यक्षांनी आवाज आणखी हळू केला. "स्पिरिटमध्ये पाणी होतं का?"

मावशी तिथंच होत्या, ट्रे घेऊन, हातभर अंतरावर. पाणी हा शब्द ऐकून त्या लगबगीनं पुढं झाल्या. "पाणी आणू साहेब? गार हाय, रांजणातलं. भरलेलं हाय."

"नको बाई," अध्यक्ष म्हणाले, आणि बेबीनंदाकडे बघत राहिले.

"नाही सर," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं."

त्यांनी नळी जागेवर ठेवली. रागानं नाही, हळूच, जशी काच ठेवतात तशी. "पाणी होतं म्हणाला असतात," ते म्हणाले, "तर मी पोरांना विचारलं असतं, किती असेल ते सांगा. तेवढ्यावर तास उभा राहिला असता. सगळा धडा तोच तर आहे." मग उठताना, जणू स्वतःशीच, "पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं तुम्हाला."

समिती गेली. जीप नजरेआड झाल्यावर मावशी पदरानं हात पुसत आल्या. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"माय, त्यो बुटका साहेब म्हणला, कपाट एकदम भरलेलं हाय. म्या म्हणलं, दिवेलागणीच्या आतच भरलं समदं. ज्यात पांढरं पाणी दिसलं त्यात पांढरं घातलं. तेजाबाला हात लावला न्हाई बरं, तू सांगितल्तं तसं." मग जरा थांबून, "काहून गं, चेहरा असा उतरला? उपास हाय का आज?"

"हो मावशी," बेबीनंदा म्हणाली. "उपासच आहे."

"मंग साबुदाणा भिजवते. तुझ्यापुरता."

मावशींना सांगून काय मिळालं असतं? एका म्हाताऱ्याला पाणी नाही म्हणाल्या, त्याचं ओझं त्या आजवर वाहत होत्या. त्यांना पाणी दिल्याचंही ओझं द्यायचं? बेबीनंदानं ते गिळलं. पण दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली तेव्हा फळ्याला टेकवलेली बोटं कपाळापर्यंत गेली नाहीत. अर्ध्यावरून खाली आली. तिनं खडू उचलला. वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही. एका मुलीच्या आलं असेल, तर ती काही बोलली नाही.

उन्हाळ्यात निरोप आला. मान्यता नाही. प्रात्यक्षिकांचा दर्जा समाधानकारक नाही, एवढंच कारण. त्यावरून बेबीनंदा कुणाशी भांडू शकत नव्हती, कारण ते खरं होतं.

विभाग मोडला. रसायनं न्यायला दुसऱ्या कॉलेजातून एक माणूस टेम्पो घेऊन आला. त्यानं एकेक बाटली उघडून वास घेतला आणि हसत सुटला. "ओ मॅडम, ही काय प्रयोगशाळा हाय का पाणपोई?" मावशी नेमक्या तेव्हा अंगण झाडत होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही, बेबीनंदाला कधी कळलं नाही. त्या संध्याकाळी मात्र शेजारून रोज येणारा भांडी भरण्याचा आवाज थोडा उशिरा आला.

बदनापूरला एका खाजगी शिकवणीत आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवायचं काम मिळालं. रसायनशास्त्र तिथं कुणाला नको होतं. मंठा सोडायच्या आदल्या दिवशी बेबीनंदा तळणीकडची एसटी धरून सत्यशीलाच्या गावी गेली. का चाललोय, हे तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. एवढंच वाटत होतं, की एक तरी गोष्ट जागेवर ठेवून जावी.

सत्यशीला ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. सूप तिच्या हातात आधीपासूनच बसल्यासारखं होतं. घरात चुना लावण्याचा वास होता. सुपारी फुटली होती, मुलगा परतूरकडचा, तिथी जवळचीच. मॅडमला बघून ती गडबडीनं उठली, पदर सावरला. तिच्या आईनं घोंगडी अंथरली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कारभारी पाटील शेतात गेले होते. बरंच झालं, असं बेबीनंदाला वाटलं.

आई चहा टाकायला आत गेली तेव्हा ती म्हणाली, "सत्यशीला, एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू विचारलंस ना, ते निळं स्पिरिटनं झालं नव्हतं. स्पिरिटात पाणी पडलं होतं. ते गरम पाण्यानं झालं. मी खोटं सांगितलं."

सत्यशीलानं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"मला ठाऊक होतं मॅडम. नळी हातात घेतल्ती ना म्या. ऊन ऊन लागली."

"मग लिहून का घेतलंस?"

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. तक्रार असती तर बेबीनंदाला ती घेऊन तरी जाता आली असती.

"तुम्ही म्हणल्या," ती म्हणाली. "मंग म्हणलं, तेच बराबर असंल. माझ्याच हाताला उगं ऊन लागलं असंल."

अंगणात कोंबड्या पाखडलेल्या फोलात टोचा मारत होत्या.

"आता तुझ्या लिहिलेल्यात सुधारून घे," ती शेवटी म्हणाली. ऐकतानाच तिला कळलं, हे किती पोकळ वाजतंय.

"राहू द्या मॅडम. आता काय करायचंय त्याचं." मग तिला आठवलं, दारी आलेल्या माणसाला आपण अजून पाणीसुद्धा विचारलं नाही. जीभ चावून ती उठली. "बसा हं. जल्दी आणते."

आतून घागर कलंडल्याचा आवाज आला. ती तांब्या घेऊन आली, काठोकाठ भरलेला, चालताना सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. बेबीनंदानं तो घेतला. नितळ पाणी होतं, तळाची कल्हई दिसत होती. तिनं ओठांना लावला आणि सगळा संपवला, कारण शिल्लक ठेवणं बरं दिसलं नसतं.